‘लेखक जन्मावा लागतो’ म्हणणाऱ्यांना

मे महिन्यात नाशकात गोदाकाठच्या यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला भरते. शंभरी ओलांडलेल्या या परंपरेचा शहराला अभिमान आहे आणि तो रास्त आहे. याच सुटीत कथा, कविता, नाटक लिहू पाहणाऱ्यांसाठी शिबिरं आणि कार्यशाळाही होतात. त्यांच्याविषयी मात्र साहित्याच्या वर्तुळात एक ठरलेली नापसंती ऐकू येते. व्याख्यान ऐकणं ही संस्कृती मानली जाते आणि लिहायला शिकणं हा कमीपणा मानला जातो. मला हा न्याय मान्य नाही. तो का मान्य नाही हे सविस्तर सांगायला हवं, कारण या नापसंतीची किंमत शिबिरं घेणारे मोजत नाहीत. पेठ, सुरगाणा, मालेगाव, निफाडकडून वही घेऊन येणारी मुलं-माणसं ती मोजतात.

विरोधकांचं म्हणणं आधी त्यांच्याच ताकदीनं मांडतो. ते म्हणतात, प्रतिभा उपजत असते, ती वर्ग भरवून येत नाही. मराठीतले थोर लेखक कुठल्याही शिबिराला गेले नव्हते. शिकवून लिहिलेलं सगळं एका साच्याचं होतं. शिकवायला येणारे बहुधा दुय्यम लेखक असतात, पहिल्या दर्जाचा लेखक स्वतः लिहीत बसतो. आणि शेवटी, हौशी माणसांच्या स्वप्नांवर पैसे कमावण्याचा हा उद्योग आहे. हे पाचही आक्षेप घेणारी माणसं प्रामाणिक आहेत, त्यांतली काही माझ्या आदराची आहेत. तरीही पहिले चार आक्षेप चुकीचे आहेत आणि पाचव्याचा रोख चुकीच्या माणसावर आहे.

प्रतिभेपासून सुरुवात करू. प्रतिभा शिकवता येत नाही, हे कुठल्याही शहाण्या शिक्षकानं कधी नाकारलेलं नाही. पण लेखन म्हणजे केवळ प्रतिभा नव्हे. कथा कुणाच्या नजरेतून सांगायची, संवाद कुठे थांबवायचा, चाळीस वर्षांचा काळ तीन पानांत कसा न्यायचा की एका दुपारला तीस पानं द्यायची, कवितेची शेवटची ओळ खरोखर लागते का, या गोष्टी कारागिरीच्या आहेत आणि कारागिरी दाखवता येते, सुधारता येते, सरावानं पक्की होते. गाण्याबद्दल आपण हे विनातक्रार मान्य करतो. उपजत गळा असलेल्या मुलीला ‘तू रियाज करू नकोस, गुरूकडे जाऊ नकोस’ असं कुणी सांगत नाही.

नाशिककरांना तर हे दुसऱ्यानं सांगायची गरज पडू नये. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुढे आयुष्याच्या अखेरच्या पर्वात ते पंचवटीत रामनाम आधार आश्रम उभारून राहिले. संगीत घराण्याच्या उंबऱ्याआडच शिकता येतं, असं मानणाऱ्या काळात त्यांनी वर्ग घेतले, अभ्यासक्रम आखला, स्वरलिपी तयार केली आणि दाराशी येणाऱ्याला आत घेतलं. त्यांच्या तालमीतून ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास निघाले. या तिघांचं गाणं ऐकून कुणी त्यांना एका साच्यातले म्हणणार नाही. पलुस्करांनी प्रतिभा वाटली नाही. ती कुठे आहे हे शोधायची आणि तिला हत्यारं द्यायची व्यवस्था त्यांनी उभी केली.

दादासाहेब फाळक्यांचंही असंच आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेला हा माणूस १९१२ साली लंडनला गेला. तिथे चित्रपट बनवणाऱ्या सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यानं ते तंत्र प्रत्यक्ष पाहिलं. जाऊन-येऊन सगळा मुक्काम दोनेक महिन्यांचा. परत आल्यावर पुढच्या वर्षी, ३ मे १९१३ रोजी, ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लोकांसमोर आला. त्यानंतर फाळक्यांनी आपला मुक्काम नाशकात हलवला आणि कॅमेरा कधी न पाहिलेल्या माणसांना हाताशी धरून चित्रपट बनवायला शिकवलं. फाळक्यांची दृष्टी हेपवर्थनं दिली नाही, हे उघड आहे. पण त्या थोड्या दिवसांत कुणी दार उघडून, यंत्र दाखवून, हे असं करतात म्हणून सांगितलं नसतं, तर त्या दृष्टीला आणखी किती वर्षं चाचपडावं लागलं असतं? थोड्या दिवसांचं शिक्षण कशाला पुरणार, असं विचारणाऱ्यांनी या प्रवासाचा विचार करावा. तयार माणसाला थोडे दिवस पुष्कळ होतात. शिबिर त्याच्यासाठीच असतं.

आता दुसरा आक्षेप, जो सगळ्यांत जास्त वेळा फेकला जातो: कुसुमाग्रज कुठे शिबिराला गेले होते? बहिणाबाईंना कुणी शिकवलं? ही नावं घेणाऱ्यांनी त्यांची चरित्रं पुन्हा वाचावीत.

वि. वा. शिरवाडकरांनी, म्हणजेच कुसुमाग्रजांनी, १९३३ साली, नुकतीच विशी ओलांडल्यावर, नाशकात ध्रुव मंडळ स्थापन केलं. म्हणजे एकट्यानं कोपऱ्यात बसून लिहिण्याऐवजी त्यांना सोबतीनं वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांची बैठक हवीशी वाटली. त्यांचा ‘विशाखा’ हा संग्रह १९४२ साली प्रसिद्ध झाला तो वि. स. खांडेकरांनी पदरमोड करून काढला आणि त्याला प्रस्तावनाही लिहिली. खांडेकर तेव्हा कीर्तीच्या शिखरावर होते. त्यांनी एका तरुण कवीच्या कवितांना स्वतःचा वेळ दिला, पैसा दिला आणि मराठी वाचकाला सांगितलं की हे वाचा. पुढे १९५० मध्ये लोकहितवादी मंडळ उभं करणारे आणि ज्ञानपीठाचा सन्मान मिळाल्यानंतर १९९० साली ज्यांच्या नावानं प्रतिष्ठान उभं राहिलं, ते हेच कुसुमाग्रज. त्यांच्या आयुष्याचा धडा ‘एकट्यानं लिहा’ असा निघत नाही. मंडळं काढा, माणसं जोडा, नव्यांना हात द्या, असा तो निघतो.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, हे खरं. पण ओवी त्यांनी शून्यातून काढली नाही. जात्यावर बसणाऱ्या बायकांच्या कित्येक पिढ्यांनी ती ओवी घासूनपुसून ठेवली होती. पहाटेच्या दळणात नवी सून जुनीच्या ओवीला ओवी जोडायला शिकत होती. लय तिथे शिकली जात होती, यमक तिथे कानात बसत होतं. आणि त्या गाण्यांचं पुढे काय झालं? घरातल्या माणसांनी ती उतरवून घेतली. बहिणाबाई गेल्यानंतर कवी असलेल्या मुलानं, सोपानदेवांनी, ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक आलं. घरात साहित्य कळणारा मुलगा नसता आणि त्याची अत्र्यांपर्यंत पोच नसती, तर मराठी भाषेला हे धन मिळालं नसतं. खानदेशात आणि नाशिक जिल्ह्यात अशा किती बाया गाऊन गेल्या आणि त्यांच्या घरात सोपानदेव नव्हता, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. बहिणाबाईंचं नाव शिबिरांच्या विरोधात वापरणं म्हणजे त्या हरवलेल्या बायांना दुसऱ्यांदा हरवणं आहे.

रविकिरण मंडळ घ्या. १९२३ पासून पुण्यात माधव जूलियन, यशवंत, गिरीश आणि त्यांचे सोबती एकत्र बसत, एकमेकांच्या कविता वाचत आणि त्यांवर बोलत. ‘मौज’ आणि ‘सत्यकथा’ची परंपरा घ्या. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लेखकाला पत्रं लिहीत, कथा परत पाठवत, कुठे ढिलं पडलंय ते सांगत, पुन्हा लिहायला लावत. ज्यांना आपण ‘शिबिराला न गेलेले’ म्हणून मिरवतो, त्यांतल्या कित्येकांचं शिक्षण या पत्रांतून झालं. फरक इतकाच की ते शिबिर टपालानं चालत होतं आणि अनेक वर्षं चालत होतं.

‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली. तिच्या अभिरुचीच्या मर्यादांवर साठोत्तरी पिढीनं जी टीका केली ती पुष्कळ अंशी योग्य होती आणि लघुनियतकालिकांनी जे दार फोडलं ते फोडायलाच हवं होतं. पण संपादकाचं ते टेबल गेलं त्याची भरपाई पुरेशी झाली नाही. धुळ्यात पुरुषोत्तम पाटलांनी ‘कवितारती’ चालवताना नव्या कवींशी जो संवाद ठेवला, तो अपवाद म्हणूनच आठवतो. आज नवोदिताची कथा दिवाळी अंकाकडे जाते आणि बहुतेक वेळा तिचं काय झालं हे त्याला कळतही नाही. छापली तर का छापली हे कळत नाही, नाकारली तर का नाकारली हे कळत नाही. समाजमाध्यमांवर टाकली तर पन्नास जण अंगठा दाखवतात, पण तिसऱ्या परिच्छेदात कथा मेली आहे हे कुणी सांगत नाही.

माझं मुख्य म्हणणं हेच आहे. शिबिरात शिकवणारा माणूस लेखक जन्माला घालायला बसलेला नसतो. मराठीतून नाहीशी होत चाललेली एक जागा तो भरून काढत असतो: हस्तलिखिताच्या पहिल्या, जाणत्या, निर्भीड वाचकाची जागा. ज्यांच्या घरात, नात्यात किंवा कॉलेजच्या मित्रांत असा वाचक आहे त्यांना शिबिराची गरज नसेल. ‘लेखक जन्मावा लागतो’ हे वाक्य त्यांच्या तोंडी सहज येतं, कारण त्यांना मिळालेलं शिक्षण त्यांना शिक्षण म्हणून दिसतच नाही. पुस्तकांनी भरलेलं घर, मराठीचे प्राध्यापक असलेले काका, संपादकाच्या घरी येणं-जाणं हे सगळं त्यांनी हवेसारखं घेतलेलं असतं. ज्याला ती हवा मिळाली नाही त्याला ‘तुझ्यात उपजत नाही’ असं सांगणं हा अन्याय आहे.

बाबूराव बागुलांचं उदाहरणही या संदर्भात उलटंच वापरलं जातं. विहितगावला १९३० साली जन्मलेल्या, गरिबीत वाढलेल्या या लेखकानं १९६३ साली ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह देऊन मराठी कथा हादरवली. कुठलं शिबिर होतं त्यांच्यामागे, असं विचारतात. माटुंग्याचा लेबर कॅम्प होता. आंबेडकरी आणि डाव्या चळवळीच्या सभा होत्या, शाहिरांचे कार्यक्रम होते, वादविवाद होते, रात्र-रात्र चालणारं वाचन होतं. चळवळीनं त्यांना जे दिलं ते कोणत्याही विद्यापीठापेक्षा कमी नव्हतं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेल्या वामनदादा कर्डकांना अक्षरओळख झाली ती प्रौढ वयात, कुणीतरी शिकवली तेव्हा. पुढे त्यांनी गावोगाव गाणी नेली आणि त्यांना गुरू मानणाऱ्या गायक-शाहिरांची एक परंपरा तयार झाली. शाहिरी, लावणी, तमाशा, कीर्तन, भजनी मंडळ यांपैकी एकाही ठिकाणी ‘शिकवायचं नाही’ असा नियम नव्हता. शिकण्याची लाज ही गोष्ट आपल्याकडे छापील साहित्याच्या वर्तुळानं आणली. लोकपरंपरेत ती कधीच नव्हती.

नाशकाच्या रंगभूमीकडे पाहा. इथली तरुण मुलं एकांकिका स्पर्धांच्या तालमीत नाटक लिहायला शिकतात. संवाद नटाच्या तोंडी बसत नाही, दिग्दर्शक थांबवतो, लेखक त्याच रात्री पान बदलून आणतो. प्राजक्त देशमुखांचं ‘संगीत देवबाभळी’ आधी एकांकिका होती. त्या रूपात ते प्रेक्षकांसमोर तपासलं गेलं, वाढलं आणि २०१७ साली पूर्ण नाटक होऊन व्यावसायिक रंगभूमीवर आलं. तालीम ही लेखनाची कार्यशाळाच आहे. पुण्याच्या थिएटर अकॅडमीनं सतीश आळेकरांच्या पुढाकारानं १९८५ ते १९९४ या काळात नाटककारांच्या विकासाची योजना फोर्ड फाउंडेशनच्या मदतीनं राबवली, तीही याच विश्वासावर. नाटककाराला तालीम मिळते हे सगळ्यांना चालतं, मग कथाकारानं आणि कवीनं मात्र अंधारातच शिकलं पाहिजे, हे कोणत्या न्यायानं?

तिसरा आक्षेप साच्याचा. अमेरिकेत १९२६ पासून ब्रेड लोफला उन्हाळी लेखक-परिषद भरते आणि आयोवा विद्यापीठात १९३६ पासून लेखनाचे वर्ग चालतात. तिथल्या लेखनात एकसुरीपणा येतो अशी टीका तिथेही होते आणि ती ऐकून घेण्यासारखी आहे. पण त्याच आयोवाच्या वर्गातून फ्लॅनरी ओकॉनर निघाली, जिच्यासारखं दुसऱ्या कुणाला लिहिता आलं नाही. आपल्याकडे बघायचं तर गंगाधर गाडगीळ, व्यंकटेश माडगूळकर आणि जी. ए. कुलकर्णी हे तिघंही मौज-सत्यकथेच्या वर्तुळात वाढले. मुंबईच्या मध्यमवर्गाची मनं उलगडणारे गाडगीळ, माणदेशची माणसं साध्या वाक्यांत उभी करणारे माडगूळकर आणि नियतीच्या काळोखात शिरणारे जी. ए., यांच्यात साचा कुठे आहे? साचा तयार होतो तो गेल्या वर्षी बक्षीस मिळालेल्या पुस्तकाची नक्कल केल्यानं, आणि नक्कल करणारा माणूस बहुधा एकटाच असतो. त्याला ‘हे तुझं नाही’ असं सांगणारं कुणी भेटलेलं नसतं.

चांगला शिक्षक नेमकं हेच काम करतो. समजा, निफाडकडच्या एका मुलीनं द्राक्षबागेवर कथा लिहून आणली आहे. त्यात गारपीट होते, बाग उद्ध्वस्त होते, बापाच्या डोळ्यांत आसवं येतात आणि आभाळही रडतं. ही कथा तिनं वर्तमानपत्रांतून, मालिकांतून, पाठ्यपुस्तकांतून उचलली आहे. वाईट शिक्षक म्हणेल, छान, भाषा अलंकारिक करा. चांगला शिक्षक तिला विचारेल, गारा थांबल्यावर बागेत पहिलं कोण गेलं? मणी तडकले हे कळल्यावर पहिला फोन कुणाला केला, व्यापाऱ्याला की मामाला? औषधांच्या दुकानातली उधारी किती दिवसांची होती? आई त्या रात्री काय बोलली, की बोललीच नाही? ऑक्टोबरच्या छाटणीपासून तुम्ही घरातले सगळे आभाळाकडे कसे बघता? मुलगी उत्तरं द्यायला लागते आणि दुसऱ्या दिवशी तिच्या वहीत जे येतं ते फक्त तीच लिहू शकते. शिक्षकानं तिला एकही वाक्य दिलेलं नाही. त्यानं तिच्या आणि तिच्या अनुभवाच्या मध्ये पडलेला उसना कचरा बाजूला केला. सुरगाण्याच्या मुलानं कोकणा बोलीत संवाद लिहिले आणि निवेदनात पुस्तकी मराठी घातली, तर ‘संवाद आहेत तसेच राहू देत, निवेदन त्यांच्या जवळ आण’ असं सांगणाराही असाच माणूस लागतो. मी अशा वर्गांत शिकवलं आहे आणि मला तिथे साचे बनताना दिसले नाहीत, मोडताना दिसले.

चौथा आक्षेप शिकवणाऱ्यांच्या दर्जाचा. शिकवणारा माणूस लेखक म्हणून संपलेला असतो, हे विधान नाशकात करायला तर धाडस लागतं. वसंत कानेटकर याच शहरात हं. प्रा. ठा. महाविद्यालयात प्राध्यापक होते आणि शिकवत असतानाच त्यांनी ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहिलं. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते आणि त्याच वर्षांत ते कादंबरीकार झाले. शिकवण्यानं लेखन आटतं याला मराठीत तरी पुरावा नाही. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: उत्तम शिक्षक हा उत्तम लेखक असलाच पाहिजे असं नाही. राम पटवर्धनांच्या नावावर ‘पाडस’सारखा अप्रतिम अनुवाद आहे, पण त्यांचं मोठेपण दुसऱ्यांची हस्तलिखितं वाचण्यात होतं. दुसऱ्याच्या कथेत ती कथा काय होऊ पाहते आहे हे ओळखणं ही स्वतंत्र विद्या आहे. ती सगळ्याच मोठ्या लेखकांकडे नसते आणि पुस्तकं कमी असलेल्या एखाद्या वाचकाकडे ती भरभरून असते. म्हणून शिबिरासाठी माणूस निवडताना त्याला किती पुरस्कार मिळाले हे पाहू नये. त्यानं कुणाचं हस्तलिखित कधी ओळीओळीनं वाचलं आहे का, हे विचारावं.

आता पाचवा आक्षेप, पैशाचा. इथे मी विरोधकांचं एक म्हणणं पूर्ण मान्य करतो. काही शिबिरं वाईट असतात. सभागृहात तीनशे माणसं बसवायची, दीपप्रज्वलन, सत्कार आणि मनोगतं यांत सकाळ घालवायची, वक्त्यानं आपल्या साहित्यप्रवासाच्या आठवणी सांगायच्या आणि संध्याकाळी सगळ्यांच्या हातात प्रमाणपत्र द्यायचं. कुणाचंही एक पानसुद्धा कुणी वाचलेलं नसतं. हे शिकवणं नव्हे आणि त्यासाठी पैसे घेणं योग्य नव्हे. पण वाईट दवाखाने आहेत म्हणून वैद्यक खोटं ठरत नाही. वाईट शिबिरांवर उपाय चांगली शिबिरं हाच आहे.

आणि नवोदिताची लूट कुठे होते हे पाहायचं असेल तर शिबिराच्या शुल्काकडे बोट दाखवू नका, पहिल्या पुस्तकाच्या खर्चाकडे दाखवा. मराठीत पहिला कवितासंग्रह काढायचा तर कवीनंच पैसे भरायचे, ही आज रीत झाली आहे. १९४२ साली प्रस्थापित लेखकानं तरुण कवीसाठी पदरमोड केली होती, आज तरुण कवी स्वतःची पदरमोड करतो. त्याबदल्यात त्याला संपादन मिळत नाही, मुद्रितशोधन मिळेलच असं नाही, पुस्तकांचे गठ्ठे मात्र घरपोच मिळतात. हे थांबवायचं तर लेखकाला व्यवहार शिकवायला हवा आणि तो शिबिरातच शिकवता येतो.

म्हणून माझा आग्रह आहे की शिबिरात कवी-कथाकारांबरोबर संपादक, प्रकाशक, अनुवादक, मुद्रितशोधक आणि कायदा जाणणारा माणूसही शिकवायला असायला हवा. १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो की हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं त्याच्या लेखनावर वारसांचा हक्क राहतो. किती नवोदितांना हे ठाऊक आहे? किती ज्येष्ठांना ठाऊक आहे? ‘सरस्वतीच्या मंदिरात व्यवहार नको’ असं म्हणत आपण पिढ्यान्‌पिढ्या लेखकांना अडाणी ठेवलं आणि त्या अडाणीपणावर इतरांचे व्यवहार सुखेनैव चालले.

नाशकाजवळ या कामासाठी लागणारं सगळं आहे. १८४० साली सुरू झालेलं सार्वजनिक वाचनालय आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठान आहे, जिथला जनस्थान पुरस्कार १९९१ मध्ये पहिल्यांदा विजय तेंडुलकरांना मिळाला आणि पुढे बागुलांनाही मिळाला. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ इथेच आहे, ज्याचा जन्मच मुळी शिक्षणाच्या दाराबाहेर राहिलेल्यांसाठी झाला. २०२१ साली आडगावला ९४ वं साहित्य संमेलन भरवण्याची ताकद या शहरानं दाखवली. तीन दिवसांचा मांडव उभारू शकणाऱ्या शहराला दहा दिवसांचं, पंधरा-वीस जणांचं निवासी शिबिर जड जाऊ नये.

ते शिबिर कसं असावं हेही सांगतो, नाहीतर हा नुसता वाद होईल. प्रवेश हस्तलिखितावर द्यावा, ओळखीवर नको. शिकवणाऱ्यानं प्रत्येकाची पानं आधी वाचून, समासात टिपणं करून यावं. या वाचनाचं त्याला रीतसर मानधन मिळावं, शाल-श्रीफळावर त्याची बोळवण करू नये. ज्यांची ऐपत नाही त्यांचं शुल्क आणि प्रवासखर्च संस्थेनं उचलावा. लहान मुलं असलेल्या बायांसाठी मुलांची सोय असावी, कारण मराठीतल्या कित्येक कथा त्या एका सोयीअभावी लिहिल्या गेल्या नाहीत. उद्घाटन नको, प्रमुख पाहुणे नकोत. शिबिर संपल्यावर वर्षभर महिन्यातून एकदा बैठक व्हावी, कारण दहा दिवसांत सवय लागते, ती टिकते वर्षात. आणि शिकवणाऱ्यांचीही झाडाझडती व्हावी: वर्षभरानं कुणाचं काय लिहून पूर्ण झालं, हे जाहीरपणे विचारलं जावं. शिक्षकाला अधिकार हवा असेल तर त्यानं हे उत्तरदायित्व घेतलंच पाहिजे.

विरोधकांना माझी एकच विनंती आहे. या मे महिन्यात एका अनोळखी नवोदिताचं हस्तलिखित मागून घ्या. ते शेवटच्या पानापर्यंत वाचा. त्याला समोर बसवून, कुठे ते जिवंत आहे आणि कुठे उसनं आहे हे पानं दाखवून सांगा आणि दोन महिन्यांनी पुन्हा आणायला सांगा. दुसऱ्या खेपेला त्या पानांत काहीच बदल झालेला नसेल, तर मला जाहीर खोटं ठरवा. बदल झालेला असेल, तर पुढच्या उन्हाळ्यातल्या शिबिरात शिकवायला तुम्हीही या. तिथे तुमची गरज आहे.